दारवाली आणि जोडीवाली

“हे मार्क तुम्ही खुर्चीला देता की खुर्चीत बसणाऱ्याला?” शशीने विचारलं.

जेवणाच्या टेबलावर माझा तक्ता पसरलेला होता. ती समोर बसून शेंगा सोलत होती आणि टरफलं नेमकी माझ्या कागदाच्या कोपऱ्यावर टाकत होती. मुद्दाम.

“खुर्चीला,” मी म्हणालो. “बसणारा काय, आज एक, उद्या दुसरा.”

“म्हणजे बसणाऱ्याचं ऐकायचं नाही, असंच ना?”

“शशी, टरफलं ताटलीत टाक.”

सात वर्षं झाली त्याला. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. बावीस वर्षं शिरोलीतल्या एका फाउंड्रीत एक्सपोर्टचं काम बघितलं. जर्मनी, अमेरिका, ब्राझील, जिथे म्हणून ओतीव सुटे भाग विकता येतील तिथे गेलो. आमच्या मालकांचा नियम होता, सात तासांच्या वरचा प्रवास असला की बिझनेस क्लास. उतरल्या उतरल्या गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं असायचं, आणि वाकडी मान घेऊन कोणी भाव करू शकत नाही. त्यातून मला नाद लागला. प्रत्येक प्रवासात वही काढायची आणि मार्क द्यायचे. पलंग किती लांब, गादी किती जाड, पांघरूण कसं, जेवण कसं, पाय ठेवायची खोबण किती रुंद. एकूण शंभर मार्क. त्यातले पंचवीस एकांताला. पुढे एका प्रवासाच्या मराठी वेबसाइटवर मी हे तक्ते टाकायला लागलो आणि लोकांना ते आवडले. सांगलीहून, इचलकरंजीहून फोन यायचे. “शिराळकर, आईवडिलांना न्यूजर्सीला न्यायचंय, कुठलं विमान घेऊ?” मी सांगायचो आणि ते घ्यायचे. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

आता आमचाच प्रवास होता. आमची अश्लेषा शिकागोला. तिचं दोनदा पोटातच गेलं होतं आणि ही तिसरी खेप. आठवा महिना लागला तसं डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला बंदी केली. फोनवर ती एवढंच म्हणाली, “आई, तू आलीस की होईल सगळं नीट.” त्या दिवसापासून शशी मनाने शिकागोतच होती. डिंकाचे लाडू बांधून झाले होते, लंगोटांची टोपली भरली होती. अडचण तिची तिलाच होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदललेली. आमचे डॉक्टर म्हणाले, “जाऊ दे की. पण आडवं होऊन जायचं, पाय सुजू द्यायचे नाहीत आणि झोप पूर्ण झाली पाहिजे. तेवढं सांभाळा.”

ते सांभाळणं माझं काम. बावीस वर्षं साठवलेले माइल्स होते, दोघांची तिकिटं त्यात बसत होती. शशीला शिकागोला धडधाकट पोहोचवायचं, बाकी काही नाही.

शेवटी दोन विमान कंपन्या उरल्या. त्यांची नावं घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. शशीने त्यांना ठेवलेली नावंच पुरेत. एक दारवाली आणि एक जोडीवाली. दारवालीत प्रत्येक खुर्चीला स्वतःची खोली होती म्हणा ना. खांद्याइतक्या उंच भिंती, सरकतं दार, आत साडेसहा फुटी पलंग. जोडीवालीचं विमान जुनं. खुर्च्या दोन-दोनच्या, शेजारी-शेजारी, मध्ये फक्त हात ठेवायची फळी. पलंग तिथेही सपाट व्हायचा, पण लांबी कमी आणि गादी पातळ.

“दारवालीला एक्क्याण्णव,” मी वाचून दाखवलं. “जोडीवालीला चौसष्ट.”

“चौसष्टवाली घेऊ या.”

“का?”

“मी पाच फूट. साडेसहा फुटी पलंगाचं मी काय करू, लाडू वाळत घालू? जोडीवालीत तुम्ही शेजारी असाल.”

“दारवालीतही मीच असणार आहे. दुसऱ्या कुणाला नेत नाहीये.”

“भिंतीपलीकडे असणार.” तिने माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. “आणि हे काय? शेजाऱ्याचा उपद्रव?”

तो माझा आवडता रकाना होता. घोरणारे, गप्पा मारणारे, खिडकीकडे जायला आपल्या पायांवरून उडी मारणारे. बावीस वर्षं मी एकटा फिरलो. शेजारी माणूस म्हणजे मला त्रासच माहीत होता. जोडीवालीला मी त्या रकान्यात दहापैकी दोन दिले होते.

“उपद्रव मी, होय?” शशी हसली. “अति शहाणा त्याचा बैल रिकामा. काढा तुमची दारवाली. मला काय कळतंय त्यातलं.”

मी काढली. दारवालीतही मधल्या खुर्च्यांची जोडी होती, दोघांच्या मधली भिंत खाली करता यायची. पण त्या बाजूला स्वयंपाकघर, येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ, म्हणून माझ्या हिशेबात खिडकीला दोन मार्क जास्त. मी खिडकीच्या दोन जागा घेतल्या, एकामागे एक. पुढे शशी आणि तिच्या मागे मी.

मुंबई ते आखात झोपाळूपणातच गेलं. तिथून सकाळी नऊला मोठं विमान निघालं. चौदा तास, आणि सगळा वेळ दिवसच. सूर्याबरोबर पश्चिमेला जायचं असतं.

शशी आपल्या जागेत शिरली आणि उभीच राहिली. तिने भिंतींवरून हात फिरवला. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती ती.

“आमच्या शाळेत नकाशे ठेवायचं कपाट होतं ना, तसंच आहे हो हे.”

“बस. दाखवतो सगळं.”

मी दाखवलं. पाठ मागे जायचं बटण, पाय वर यायचं बटण, पलंग व्हायचं बटण, दिवा, दुसरा दिवा, मालिश. त्या वेळी मी फार खुशीत होतो. इतकी वर्षं ज्याबद्दल बोललो ते तिला पहिल्यांदाच दाखवत होतो. ती मान हलवत होती. एखाद्या पोराची चित्रकलेची वही बघताना हलवायची तशी.

“आणि कोणाला बोलवायचं असलं तर?” तिने विचारलं.

“हा रिमोट बाहेर ओढायचा, इथे बोट लावायचं, पडदा उजळला की हे माणसाचं चित्र. त्यावर दाबायचं.”

“डोक्यावर नसतं का बटण? मागच्या वेळी होतं.”

“ते जुन्या विमानांत. हे नवीन आहे.”

दुपारचं जेवण झालं. तिने अर्धंच खाल्लं आणि दही संपवलं. मी मागे येऊन बसलो, पलंग केला आणि वही काढली. माझे पाय समोरच्या भिंतीतल्या खोबणीत जात होते. त्या खोबणीपलीकडे शशीचा खांदा. एवढं अंतर, मध्ये बोटभर जाडीचा पत्रा.

थोड्या वेळाने त्या पत्र्यावर टकटक झाली. मी उठून, बूट घालून, फिरून तिच्या दाराशी गेलो.

“काय गं?”

“काही नाही. आहात का बघितलं.”

“जाणार कुठे? चाळीस हजार फुटांवर आहोत.”

“तसं नव्हे. चेहरा दिसत नाही ना, म्हणून.”

पलीकडच्या रांगेतल्या एका गोऱ्या बाईने आमच्याकडे बघितलं. मला लाज वाटली. आता सांगताना ती लाजच जास्त आठवते. मी आवाज खाली आणला. “शशी, लोक झोपलेत. भिंत वाजवायची नाही. काही लागलं तर बटण आहे. तू झोप बघू. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“बरं.”

मी तिच्या अंगावर पांघरूण नीट केलं. चष्मा काढून बाजूच्या कप्प्यात ठेवला. दार ओढायला लागलो तर ती म्हणाली, “थोडं उघडं ठेवा ना.”

“उजेड येतो. मग झोप लागत नाही.”

“चार बोटं.”

“शशी.”

“बरं, करा बंद.”

मी दार पूर्ण ओढलं. बाहेरच्या बाजूला लहान दिवा होता, ‘उठवू नये’चा. तो लाल झाला की कर्मचारी आत डोकावत नाहीत, पाणीसुद्धा विचारत नाहीत. आतून तो कसा लावायचा हे मी तिला दाखवलं नव्हतं, तेव्हा दार बंद व्हायच्या आधी मीच हात घालून लावून दिला. तिची झोपमोड होऊ नये म्हणून.

मग विमानाच्या खिडक्या काळ्या झाल्या. बटणाने करतात सगळ्या एकदम. बाहेर रणरणती दुपार आणि आत अंधार. मी वाचायचा दिवा लावून लिहीत होतो. गादी, दहापैकी दहा. पांघरूण, नऊ. किती वेळ गेला सांगता येत नाही, तास असेल किंवा सव्वा तास.

तेव्हा पुन्हा टकटक झाली. तीनदा. मग थांबली. मग दोनदा.

ती शशी आहे हे मला माहीत होतं. विमानाचा कुठला भाग हलतोय असं मला क्षणभरही वाटलं नाही. मला वाटलं, पुन्हा बघतेय मी आहे का. आत्ता उठलो तर ही चौदा तास हेच करणार, आणि झोपणार नाही, आणि शिकागोला उतरेल तेव्हा अश्लेषाकडे बघण्याऐवजी तिलाच बघावं लागेल. एवढा सगळा विचार मी केला. शांतपणे केला.

पुन्हा एकदा झाली, हळू. माझ्या उजव्या तळव्याला ती कळली. मी पाय आखडून घेतले.

आणि वहीत लिहिलं, ‘पुढच्या जागेचा आवाज पायाशी येतो. एकांतातून अर्धा मार्क वजा.’

मग दिवा बंद करून झोपलो. इतकी सुंदर झोप मला विमानात कधी लागली नव्हती.

दिवे लागले तेव्हा चहाचा वास येत होता. कॉफीच्या रंगाचा गणवेश घातलेली एक श्रीलंकेची बाई माझ्या दाराशी वाकली होती. पन्नाशीची असेल, सगळ्या कर्मचाऱ्यांत वरची. इंग्रजीत बोलत होती.

“सर, पुढच्या मॅडम तुमच्याबरोबर आहेत ना? दिवा लाल आहे म्हणून आम्ही उठवलं नाही. पण आता खाणं वाढायचंय. तुम्ही उठवता का?”

“उठवतो,” मी म्हणालो. “आमच्याकडे झोप म्हणजे झोप असते.” विनोद केला मी.

दार सरकवलं. शशी डाव्या कुशीवर होती. तोंड मागे, माझ्या भिंतीकडे. पांघरूण पायांशी गोळा झालेलं, आणि रिमोट आपल्या जागेवरून ओढलेला, वायरीला लोंबत होता. त्याचा पडदा काळा होता. तिचा चष्मा कप्प्यातच राहिला होता. चष्म्याशिवाय तिला तळहातावरचंसुद्धा दिसायचं नाही.

मी तिच्या हाताला हात लावला.

मग बरीच माणसं आली. कोणीतरी मला बाजूला घेतलं. तिला खाली वाटेवर निजवून छाती दाबली, यंत्र लावलं. प्रवाशांत एक डॉक्टर निघाला, हैदराबादचा, तरुण. तो गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने लवकरच हात थांबवले. माझ्याकडे बघून तो हिंदीत म्हणाला, “अंकल, बराच वेळ झालाय.”

“बराच म्हणजे?”

“चारपाच तास. जास्तही असेल.”

“त्या वेळी कळलं असतं तर?”

तो यंत्राच्या वायरी गोळा करायला लागला.

“सांगा ना. विमान कुठे उतरवता आलं असतं का?”

“अंकल, झडपेचा पेशंट. दहा मिनिटांत गेल्या असतील, नाहीतर दोन तास त्रास झाला असेल. मी आत्ता इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही ते डोक्यात घेऊ नका.”

त्यांनी तिला पुन्हा तिच्याच जागेवर निजवलं. पट्टा लावला आणि गळ्यापर्यंत पांघरूण घातलं. श्रीलंकेच्या बाईने तिचे केस मागे सारले, आपल्या माणसाचे सारावेत तसे. मग ती माझ्याकडे वळली आणि दारावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, “सर, इथे दार आहे हे त्यातल्या त्यात बरं. नाहीतर आम्हाला शेवटच्या रांगेत न्यावं लागतं, सगळ्यांसमोर. इथे कोणाला कळणारही नाही.”

बाई भली होती. तिला मला धीर द्यायचा होता.

“मी इथे बसतो,” मी म्हणालो.

“बसा ना.”

पण बसायला जागा नव्हती. ती खुर्ची एका माणसाची. मी तिच्या पायांशी टेकलो, अर्धा आत, अर्धा वाटेत, आणि तिची पावलं धरून बसलो. ती सुजलेली नव्हती. तेवढं मी सांभाळलं होतं. शिकागोला अजून तीन तास होते. मी तिच्याशी काहीबाही बोलत होतो. तुला दिवा दाखवायला हवा होता म्हणालो. मधल्या जागा मोकळ्याच गेल्यात बघ म्हणालो. खरंच मोकळ्या होत्या, दोन्ही, आणि मधली भिंत खाली होती.

उतरायची वेळ झाली तेव्हा ती बाई परत आली. “सर, आता आपल्या जागेवर जावं लागेल. नियम आहे.”

“पाच मिनिटं.”

“नाही सर. माफ करा.”

तिने शशीचं दार लावलं. मी मागे जाऊन पट्टा बांधला. विमान उतरलं तेव्हा आमच्या मध्ये तीच भिंत होती.

विमानतळावर पोलीस, एक सरकारी डॉक्टर, कागद. जावई कौस्तुभ बाहेर उभा होता. त्याला कंपनीच्या माणसांनी सांगितलं होतं आणि त्याने घरी फोन करून अश्लेषाला. “बाबा, तिला लपवून चालणार नव्हतं,” तो म्हणाला. “पण तुम्ही सांभाळून बोला. बीपी वर गेलंय. डॉक्टर म्हणतात काहीही होऊ शकतं.”

गाडीत मी ठरवत होतो. खरं सांगायचं. तिचा हक्क आहे. आईने भिंत वाजवली आणि बापाने पाय आखडून घेतले, हे तिला कळलंच पाहिजे. मग तिने मला घराबाहेर काढलं तरी चालेल. बाहेर काढावं असंच मला वाटत होतं.

अश्लेषा पलंगावर उशीला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर. चेहरा शशीसारखाच, डोळे रडून सुजलेले. मी तिच्याजवळ बसलो. तिने आधी माझा हात धरला, मग विचारलं.

“बाबा, आईला त्रास झाला का?”

मी तिच्या पोटाकडे बघत होतो.

“तिने हाक मारली का? काही म्हणाली?”

“नाही,” मी म्हणालो. “झोपेत गेली. तिला कळलंसुद्धा नाही.”

ती खूप वेळ रडली. कौस्तुभ पाणी घेऊन उभा होता. मग तिने ओढणीने नाक पुसलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

“साध्या सीटवर असती तर बसल्या बसल्या गेली असती, अवघडून. तुम्ही एवढं बघून घेतलंत म्हणून निदान नीट झोपली तरी. तुमच्याइतकं कोणी केलं नसतं बाबा तिच्यासाठी.”

“हो,” मी म्हणालो.

सोळाव्या दिवशी मुलगी झाली. सुखरूप. मी ठरवलं होतं की बाळंतपण झालं की सांगायचं. मग वाटलं, ओली बाळंतीण आहे, दूध जाईल. मग वाटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. मग मी कोल्हापूरला आलो, आणि अशा गोष्टी फोनवर सांगत नाहीत. वेबसाइटवाल्यांनी नवीन तक्ता मागितला, मी लेखन बंद केलं असं कळवलं. लोकांचे फोन अजून येतात. मला आता काही आठवत नाही, असं सांगतो.

नात आता सात वर्षांची होईल. तिकडे रविवारी मराठी मंडळाची शाळा असते. गेल्या महिन्यात त्यांना ‘माझी आजी’ असा पाच ओळींचा निबंध होता. तिने तो मला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला, एकेका शब्दावर बोट ठेवून. अश्लेषा मागे उभी होती.

“माझ्या आजीचे नाव शशिकला होते. ती शाळेत बाई होती. मी तिला पाहिले नाही. ती विमानात सर्वांत चांगल्या पलंगावर शांत झोपेत देवाकडे गेली. तो पलंग माझ्या आजोबांनी तिच्यासाठी शोधला होता.”

वाचून झाल्यावर तिने कागद खाली केला.

“आजोबा, बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.